मीटर पाडलेली गाडी गळ्यात पडली तर: पुरावा, नोटीस आणि ग्राहक आयोग

मीटर पाडलाय, म्हणजे गाडी किती किलोमीटर चालली हे दाखवणारा आकडा मागे नेऊन कमी केलाय, हे सिद्ध करायला दोन कागद लागतात. एक आधीच्या तारखेचा आणि जास्त किलोमीटरचा, दुसरा नंतरच्या तारखेचा आणि कमी किलोमीटरचा. समजा मार्च २०२२च्या सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डावर ९१,३४० आहेत आणि जून २०२५च्या डिलिव्हरी नोटवर ४८,३१०. मग पुढचा वाद फक्त पैशांचा उरतो. घासून गुळगुळीत झालेलं क्लच पेडल, चकाकणारं स्टिअरिंग, ड्रायव्हर सीटचा बसलेला कोपरा यांनी संशय येतो आणि तो यायलाच हवा. पण आयोगासमोर विक्रेत्याचा वकील ‘आधीच्या मालकाने गाडी रफ वापरली होती’ एवढंच म्हणून हे सगळं उडवून लावतो. तेव्हा धावपळ कागदांसाठी करा.

यातला पहिला कागद बहुतेकांना मिळतो. अडतं ते दुसऱ्यापाशी. विक्रेत्याने गाडी ‘४८ हजार चाललेली’ म्हणून विकली, हे त्याच्याच कागदावर कुठेही नसतं. सेकंडहँड बाजारातले मुरलेले डीलर डिलिव्हरी नोटवर किलोमीटरच्या रकान्यात ‘ॲज पर मीटर’ लिहितात. त्याचा अर्थ, मीटर जे दाखवतोय ते दाखवतोय, आमचा त्याच्याशी संबंध नाही. काही जण रकाना रिकामाच ठेवतात. गाडी अजून घ्यायची असेल तर इथेच थांबून आकडा लिहून घ्या. घेऊन झाली असेल तर तो आकडा दुसरीकडून शोधावा लागेल. त्याच्या जागा पुढे दिल्या आहेत.

मीटर पडतो कसा, आणि खुणा कुठे राहतात

जुन्या केबलच्या मीटरमध्ये आकड्यांची चाकं हाताने मागे फिरवायचे. तशी चाकं नीट एका रेषेत बसत नाहीत आणि जवळून बघितलं तर ते दिसतं. डिजिटल मीटरमध्ये आकडा इन्स्ट्रुमेंट क्लस्टरमधल्या (डॅशबोर्डवरच्या मीटरच्या संचातल्या) छोट्या मेमरी चिपवर साठवलेला असतो. तो स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमधून (गाडी तपासण्याचं मशिन जोडायच्या जागेतून) किंवा क्लस्टर खोलून बदलतात. कामाला वेळ फारसा लागत नाही आणि बाहेरून काही दिसत नाही. क्लस्टर खोललं असेल तर भोवतीच्या प्लॅस्टिक ट्रिमवर पेचकसाचे ओरखडे किंवा तुटलेली क्लिप सापडू शकते. पोर्टमधून केलं असेल तर तेही नाही.

मात्र गाडीत आकडा एकाच जागी नसतो. बऱ्याच गाड्यांत इंजिनाचा ईसीयू, गिअरबॉक्सचा कंट्रोलर, एबीएस किंवा बॉडी कंट्रोल मॉड्यूल या गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांतही अंतराची नोंद असते आणि मीटर पाडणारा सगळीकडे जातोच असं नाही. कुठल्या मॉडेलमध्ये कुठे काय साठतं हे कंपनीच्या डायग्नोस्टिक मशिनवरच नीट कळतं. त्यामुळे अधिकृत सर्व्हिस सेंटरवर ‘सगळ्या मॉड्यूलमधलं किलोमीटर रीडिंग प्रिंट करून द्या’ असं स्पष्ट सांगावं लागतं. ‘गाडी चेक करा’ म्हटलं तर ते ब्रेक-ऑइल बघून सोडतात.

साध्या ओबीडी स्कॅनरवरही एक नोंद उपयोगी पडते: फॉल्ट कोड शेवटचे क्लिअर केल्यापासून चाललेलं अंतर. स्कॅनरच्या ॲपमध्ये ते ‘डिस्टन्स सिन्स कोड्स क्लिअर्ड’ या नावाने येतं. मीटर ४८ हजार दाखवतोय आणि ही नोंद ६१ हजार, असं झालं तर दोन्ही खरं असू शकत नाही. ही नोंद ६५,५३५ किलोमीटरपर्यंतच मोजते आणि कोड क्लिअर केले की शून्यावर येते. म्हणून आकडा कमी आला तर त्यावरून काही ठरत नाही, मीटरपेक्षा जास्त आला तर मात्र विक्रेता अडचणीत येतो. बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, नोंदीही बघायला सांगा.

जास्त किलोमीटरचा कागद कुठून मिळवायचा

सगळ्यात भक्कम कागद म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरची सर्व्हिस हिस्टरी. प्रत्येक वेळी गाडी आत घेताना जॉब कार्डावर रीडिंग टाकतात. बहुतेक कंपन्यांची नोंद देशभर एकाच सिस्टिममध्ये असते. आरसी आणि ओळखपत्र घेऊन जा, चॅसिस नंबरवर शोधायला सांगा. तारीख, किलोमीटर, जॉब कार्ड नंबर आणि सेंटरचं नाव हे चारही रकाने असलेली प्रिंट घ्या, त्यावर शिक्का आणि सही घ्या. काउंटरवर तोंडी सांगितलेला आकडा किंवा कॉम्प्युटरच्या स्क्रीनचा फोटो ही सुरुवात झाली, कागद नव्हे. ‘आधीच्या मालकाची माहिती देता येत नाही’ असं उत्तर आलं तर नाव आणि फोन वगळून फक्त तारखा व किलोमीटर मागा. तरीही नाहीच म्हणाले तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पुढे आयोगाला अर्ज करून ती कागदपत्रं मागवता येतात. तो अधिकार ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ने आयोगाला दिला आहे.

बऱ्याच गाड्या वॉरंटी संपली की बाहेरच्या गॅरेजला जायला लागतात आणि हिस्टरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी तुटते. तुटण्याआधीचा वेग बघा. तीन वर्षांत ७८ हजार चाललेली गाडी पुढच्या चार वर्षांत ५ हजारच चालली असेल तर प्रश्न विचारायला जागा आहे. पण हा अंदाज झाला. तो पुरावा व्हायला आणखी एखादा कागद लागेल. तो अशा ठिकाणी सापडतो:

- अपघाताच्या विमा दाव्याचा सर्व्हे रिपोर्ट किंवा दुरुस्तीचं एस्टिमेट. पॉलिसी खंडित होऊन परत घेतली असेल तर विमा कंपनीने केलेल्या तपासणीचे फोटो, त्यात मीटरचाही असतो.
- व्हील अलाइनमेंटची प्रिंट, टायर आणि बॅटरीची बिलं. ग्लव्ह बॉक्स आणि डिकीतल्या स्टेपनीखालची जागा नीट तपासा, डीलर तिथे साफ करायला विसरतात.
- बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावर चिकटवलेलं ऑइल चेंजचं स्टिकर. ‘पुढचं ऑइल १,०५,०००ला’ असं लिहिलेलं स्टिकर मीटरवर ४८ हजार असलेल्या गाडीत असेल तर फोटो काढा, स्टिकर काढू नका.
- त्याच गाडीची जुनी ऑनलाइन जाहिरात. आधीच्या मालकाने डीलरला विकण्यापूर्वी स्वतः टाकलेली असेल तर खरा आकडा बहुधा तिथेच असतो.
- आधीचा मालक. त्याने खरं रीडिंग सांगून गाडी डीलरला दिली असेल तर त्याला लपवायचं कारण नसतं. त्याचं प्रतिज्ञापत्र मिळालं तर डीलरचा ‘मला अशीच आली’ हा बचाव तिथेच संपतो.

टायरवरचा चार आकडी कोडही वाचून घ्या. ‘२३१९’ म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. २०१८ची गाडी, ३० हजार रनिंग, आणि चारही टायर २०२३चे, हे जमत नाही. तरी हेही संशयाच्याच खात्यात धरा.

एक अपवाद लक्षात ठेवा, नाहीतर नोटीस पाठवून तोंडघशी पडाल. क्लस्टर खरोखर बिघडून बदललेलं असू शकतं. अधिकृत सेंटरमध्ये बदललं असेल तर जॉब कार्डावर जुन्या मीटरचं रीडिंग लिहून ठेवतात. ते लिहिलेलं असेल तर मीटरवरचा कमी आकडा म्हणजे लबाडी नव्हे. लबाडी आहे ती हे माहीत असताना तुम्हाला न सांगण्यात.

आणि एक गोष्ट आरसीवर बघायची: गाडी आधी टॅक्सी होती का? टी-परमिटची पिवळ्या पाटीची गाडी खाजगी करून, मीटर पाडून विकणं हा या धंद्यातला जुना उद्योग आहे. अशा गाड्यांचं खरं रनिंग दोन-तीन लाखांच्या घरात असतं. आरटीओच्या नोंदीत रूपांतर दिसतं, ती नोंद मागून घ्या. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या एनओसी घेऊन महाराष्ट्रात मोठ्या संख्येने येतात. त्यांची सर्व्हिस हिस्टरी इथल्या सेंटरलाही चॅसिस नंबरवर दिसू शकते, त्यासाठी दिल्ली गाठायची गरज नाही.

तक्रार नेमकी कुणाविरुद्ध

धंदा म्हणून गाड्या विकणारा डीलर, कंपनीचं सेकंडहँड शोरूम, स्वतः गाड्या विकत घेऊन विकणारी ऑनलाइन कंपनी: या सगळ्यांविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चालतो. वस्तूच्या दर्जाबद्दल खोटं विधान करणं ही कलम २(४७)खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. मोटार वाहन कायद्यात मीटर पाडणं असा वेगळ्या नावाचा गुन्हा नाही, पण तुमच्या दाव्याला त्याची गरजही नाही.

शेजाऱ्याने किंवा ओळखीतल्या माणसाने स्वतःची एकुलती गाडी विकली असेल तर तो व्यापारी नाही. तिथे ग्राहक आयोग उपयोगाचा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ची कलमं १७ ते १९ (फसवणूक, खोटी माहिती, करार रद्द करण्याचा हक्क) आणि वस्तू विक्री कायदा, १९३० यांच्या आधारे दिवाणी दावा लावावा लागतो. मुदत तीन वर्षांची आणि फसवणूक असेल तर ती कळल्यापासून मोजायची. तुम्ही स्वतः गाडी ट्रॅव्हल्सच्या ताफ्यासाठी घेतली असेल तर तुम्हीही ‘ग्राहक’ नाही. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी एकच टॅक्सी घेतलेला माणूस मात्र ग्राहकच ठरतो.

आता डीलरची नेहमीची पळवाट. तो आधीच्या मालकाकडून फॉर्म २९ आणि ३०वर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) सह्या घेऊन ठेवतो आणि गाडी थेट तुमच्या नावावर करतो. आरटीओच्या कागदांत डीलर कुठेच नसतो. वाद झाला की म्हणतो, ‘मी फक्त मध्यस्थ, विक्री त्यांनी केली.’ याला उत्तर पैशांच्या वाटेत असतं. टोकन कुणाच्या यूपीआयवर गेलं, आरटीजीएस कुणाच्या खात्यात झालं, डिलिव्हरी नोट कुणाच्या लेटरहेडवर आहे, जाहिरात कुणाची होती? रोख दिली असेल आणि पावती नसेल तर केस लंगडी पडते. कर्ज काढलं असेल तर बँकेने रक्कम कुणाच्या खात्यात वळती केली याचं पत्र बँकेकडून मिळतं. शंका असेल तर डीलर आणि आधीचा मालक दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. मालकाच्या उत्तरातूनच बऱ्याचदा खरं रीडिंग बाहेर येतं.

१ एप्रिल २०२३पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत नोंदणीकृत गाड्यांच्या डीलरना आरटीओकडून अधिकारपत्र घेणं बंधनकारक झालं आहे. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की त्याची ऑनलाइन सूचना द्यायची, तेव्हापासून डीलर हाच मानीव मालक (कायद्याने मालक धरलेला), आणि त्याच्या ताब्यात असताना गाडी कुठे किती फिरली याची इलेक्ट्रॉनिक नोंदवही (ट्रिप रजिस्टर) त्याने ठेवायची. हे अधिकारपत्र नसलेले डीलर सर्रास दिसतात. नोटिशीत ‘तुमच्या अधिकारपत्राची आणि ट्रिप रजिस्टरची प्रत द्या’ ही एक ओळ घाला. ती नसणं हेही आयोगासमोर सांगण्यासारखं आहे.

ऑनलाइन मंच नुसत्या जाहिराती छापत असेल तर त्याच्यावर जबाबदारी ढकलणं कठीण असतं. पण ‘आमच्या तज्ज्ञांनी तपासलेली गाडी’, ‘मीटर तपासलेला’ असा दाखला त्याने दिला असेल तर तो सेवा देणारा झाला आणि सेवेतल्या त्रुटीची तक्रार त्याच्यावर चालते. ई-कॉमर्स नियम, २०२०प्रमाणे त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. त्याला आधी ईमेल करा.

कळल्यानंतरचे पहिले काही दिवस

डीलरला रागाने फोन करण्याआधी पुरावा गोळा करा. फोन गेला की जाहिरात तासाभरात उतरते.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या, वेबपत्ता आणि तारीख दिसतील असे. व्हॉट्सॲपवरचं बोलणं एक्स्पोर्ट करून ईमेलला पाठवून ठेवा. डीलरने मीटरचा फोटो किंवा गाडीचा व्हिडिओ पाठवला असेल तर दुसरा कागद हाच. फोन बदलू नका, चॅट पुसू नका. मग एक सलग व्हिडिओ करा: नंबरप्लेट, चॅसिस नंबर, दार उघडून इग्निशन चालू, मीटरवरचा आकडा. मध्ये कट नको. डिजिटल पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं. आयोग पुराव्याच्या तांत्रिक नियमांना न्यायालयाइतका बांधलेला नसतो, पण समोरच्या वकिलाला हरकतीची जागा कशाला ठेवायची?

तपासणी अहवाल घ्या. अधिकृत सर्व्हिस सेंटर किंवा परवानाधारक मोटार सर्व्हेअर यांच्याकडून लेटरहेडवर: मॉड्यूलमधली रीडिंग, झीज कुठे किती, खऱ्या किलोमीटरनुसार कोणती कामं आलेली आहेत. तोवर क्लस्टरला हात लावू देऊ नका. ‘आकडा बरोबर करून देतो’ म्हणणारा गॅरेजवाला तुमचा पुरावाच पुसत असतो.

त्याच आठवड्यात ठरवा की गाडी परत करून पूर्ण पैसे हवेत की गाडी ठेवून फरक हवा. पूर्ण पैसे मागायचे आणि पुढची दोन वर्षं रोज पुणे-नाशिक करायचं, हे आयोगाला पटत नाही, कारण वस्तू स्वीकारल्यावर ती परत करण्याचा हक्क कमकुवत होतो. परत करायची असेल तर नोटिशीतच ‘गाडी परत घेऊन जा’ असं लिहा आणि वापर अगदी गरजेपुरता ठेवा. विमा मात्र चालू ठेवा.

कर्जाचा हप्ता थांबवू नका. बँकेशी झालेला करार वेगळा आहे. हप्ता चुकला तर सिबिल तुमचाच पडतो, डीलरचा नाही.

नोटीस

कायद्याने नोटीस सक्तीची नाही, पण बिननोटिशीची तक्रार कच्ची दिसते. शिवाय बऱ्याच केस नोटिशीवरच मिटतात, कारण ज्याच्याकडे आणखी वीस गाड्या उभ्या आहेत त्याला आपलं नाव आयोगात नको असतं. वकील हवाच असं नाही. मजकूर कोरडा ठेवा:

‘दि. १४ जून २०२५ रोजी आपण मला एमएच १२ … क्रमांकाची गाडी ४८,३१० किमी चाललेली असल्याचे जाहिरातीत व व्हॉट्सॲपवर सांगून ५,२०,००० रुपयांस विकली. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या नोंदीनुसार दि. ९ मार्च २०२२ रोजीच हे वाहन ९१,३४० किमी चाललेले होते. आपण दिलेली माहिती खोटी असून ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत वाहन परत घेऊन ५,२०,००० रुपये व नोंदणी, विमा आणि दुरुस्तीचा खर्च ३४,८०० रुपये परत करावेत. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यात येईल.’

सोबत सर्व्हिस हिस्टरी, जाहिरात आणि पैसे दिल्याचा पुरावा यांच्या प्रती जोडा, मूळ कागद नाही. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच राखून ठेवा. तोच मजकूर ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही टाका. ‘फोर ट्वेंटी’, ‘चोर’, ‘सोशल मीडियावर बदनाम करीन’ असलं काही लिहू नका. तुमची नोटीस आयोगासमोर त्याच्याच हातात असणार आहे.

उत्तराची वाट बघताना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ला तक्रार नोंदवा. ते आदेश देऊ शकत नाहीत, पण कंपनी मोठी असेल तर तिथूनच हालचाल होते. कोपऱ्यावरच्या डीलरवर याचा फारसा परिणाम होत नाही.

समझोता झाला तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर पैसे खात्यात जमा झाल्यावरच सही करा. पुढच्या तारखेचा चेक घेऊन गाडी देऊन टाकू नका.

आयोगात

जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग ५० लाखांपर्यंतच्या व्यवहारांची तक्रार घेतो. त्यावर दोन कोटींपर्यंत राज्य आयोग. इथे धरायची रक्कम गाडीसाठी दिलेली किंमत असते, मागितलेली भरपाई नाही. म्हणून भरपाईचा आकडा फुगवून वरच्या आयोगात जाता येत नाही. फी पाच लाखांपर्यंत शून्य, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीस लाखांना ४००, वीस ते पन्नास लाखांना १,०००.

मुदत दोन वर्षांची. ती कशी मोजायची यावर वाद घालण्याची वेळ आणू नका, खरेदीच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत दाखल करा. उशीर झालाच तर सबळ कारण देऊन माफीचा अर्ज करता येतो.

२०१९च्या कायद्याने दिलेली मोठी सोय म्हणजे तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार चालते. गाडी दिल्लीहून घेतली आणि राहता कोल्हापुरात, तर कोल्हापुरातच. डीलरने बिलाच्या तळाशी ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ छापलं म्हणून घाबरू नका.

ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येतं. तक्रार अर्ज, त्याला आधार देणारं प्रतिज्ञापत्र, तारीखवार घटनाक्रम, कागदपत्रांची सूची आणि पानांना नंबर घातलेल्या प्रती लागतात. रजिस्ट्री त्रुटी काढते ती बहुतेक वेळा साधी असते: प्रतिज्ञापत्रावर नोटरी नाही, विरुद्ध पक्षाचा पत्ता अपुरा, न वाचता येणारी झेरॉक्स, इंग्रजी-मराठी सोडून दुसऱ्या भाषेतल्या कागदाचं भाषांतर नाही. दुकानाचं नाव ‘अमुक मोटर्स’ एवढंच लिहू नका. मालकाचं नाव लिहा. भागीदारी असेल तर भागीदारांची. जीएसटी नंबरावरून कायदेशीर नाव सरकारी पोर्टलवर सापडतं. मुंबई ग्राहक पंचायत आणि अखिल भारतीय ग्राहक पंचायत यांच्या शाखांत मसुदा तपासून देणारी माणसं भेटतात.

दाखल झाल्यावर विरुद्ध पक्षाला लेखी म्हणण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५. पंचेचाळीसनंतर आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२०च्या निकालात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे नोटीस त्याला नेमकी कधी बजावली गेली याची तारीख टिपून ठेवा आणि तोवर म्हणणं आलं नाही तर ४६व्या दिवशी ‘आता ते घेऊ नये’ असा अर्ज द्या. निकाल प्रतिज्ञापत्रं आणि कागदांवर होतो, साक्षीदारांची रांग लागत नाही. वस्तूची तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत, लागत असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात याहून बराच जास्त वेळ धरून चाला.

मागायचं काय? पूर्ण किंमत आणि व्याज. नाहीतर किमतीतला फरक. फरक हवेत सांगू नका. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या, खऱ्या रनिंगच्या गाडीचं मूल्यांकन दोन ठिकाणांहून लेखी घ्या. शिवाय चुकीच्या रनिंगमुळे अंगावर आलेला खर्च: ४८ हजारांच्या हिशेबाने टायमिंग बेल्ट बदलायचा नव्हता, प्रत्यक्षात तो कधीच संपला होता आणि तुटून इंजिनात व्हॉल्व्ह वाकले, तर ते बिल थेट यात येतं. मानसिक त्रासासाठी दहा लाख मागितले म्हणून जास्त मिळत नाहीत, उलट बाकीचे खरे आकडेही संशयास्पद वाटायला लागतात.

विक्रेता काय म्हणेल

‘मीटर आम्ही पाडला नाही, गाडी अशीच आली.’ कुणी पाडला हे शोधायची जबाबदारी तुमची नाही. खोटं विधान करून विकली कुणी, एवढंच तुम्ही दाखवायचं.

‘तुम्ही टेस्ट ड्राइव्ह घेतली, मेकॅनिक आणला.’ वस्तू विक्री कायद्याचं कलम १६ असं सांगतं की ग्राहकाने तपासणी केली तरी जे दोष त्या तपासणीत दिसायला हवे होते तेवढ्यांपुरताच त्याचा हक्क जातो. चिपमधला आकडा टेस्ट ड्राइव्हमध्ये दिसत नाही.

‘ॲज इज व्हेअर इज (आहे तशी, आहे तिथे) लिहून घेतलंय.’ या ओळीने गाडीच्या जुनेपणाची हमी टाळता येते. जाणूनबुजून सांगितलेलं खोटं तिच्यामागे लपत नाही. पण मान्य करायला हवं की ‘किलोमीटरची हमी नाही’ असं ठळक लिहून तुमची सही घेतली असेल आणि जाहिरातीत, चॅटमध्ये कुठेच आकडा नसेल, तर ही केस जड जाते. तेव्हा आधीच्या मालकाचं प्रतिज्ञापत्र हाच खरा आधार उरतो.

पोलिसांत जावं का

फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४पूर्वीचा व्यवहार असेल तर जुनं कलम ४२०. सर्व्हिस बुक बनावट निघालं तर बनावट दस्तऐवजाची कलमंही लागतात. पण इथे विक्रेत्याला सुरुवातीपासून माहीत होतं आणि फसवायचाच हेतू होता हे दाखवावं लागतं. ठाण्यात ‘हा दिवाणी मामला आहे’ हे वाक्य ऐकावं लागेल हे गृहीत धरा. लेखी अर्ज द्या, आवक शिक्का घ्या. दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा उपायुक्तांना पोस्टाने पाठवा आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एकाच डीलरने फसवलेले तीन-चार जण एकत्र गेले तर अर्जाकडे बघण्याची दृष्टीच बदलते. ग्राहक आयोग आणि पोलीस दोन्ही एका वेळी चालतात, एकामुळे दुसरं अडत नाही. पैसे परत मिळवायचा रस्ता मात्र आयोगाचाच.

गाडी अजून घ्यायची असेल तर

टोकन देण्याआधी सर्व्हिस हिस्टरी काढा. जीएसटी बिल मागा. आणि डिलिव्हरी नोटवर किंवा करारावर ही ओळ त्याच्या सही-शिक्क्यासह लिहून घ्या: ‘आजचे रीडिंग … किमी असून ते वाहनाचे खरे रनिंग आहे, मीटर बदललेला किंवा कमी केलेला नाही, हे खोटे ठरल्यास संपूर्ण रक्कम परत करू.’ सही करायला टाळाटाळ झाली तर भाव करत बसू नका, दुसरी गाडी बघा.

निकाल लागल्यावर

विरुद्ध पक्ष राज्य आयोगात ४५ दिवसांत अपील करू शकतो, पण त्याला आदेशातली निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१खाली वसुली आणि कलम ७२खाली शिक्षेचा अर्ज, दोन्ही करा. कलम ७२मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान २५ हजार दंड आहे आणि अटकेचं वॉरंट निघालं की पैशांची व्यवस्था आश्चर्यकारक वेगाने होते.

गाडी परत द्यायची असेल तर रक्कम खात्यात आल्यावर फॉर्म २९ आणि ३० करून ती डीलरच्या नावावर चढवा. कर्ज असेल तर आधी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ने बोजा उतरवा. कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊ नका, कारण नाव आरटीओत तुमचंच राहिलं तर उद्याच्या अपघाताची जबाबदारीही तुमचीच राहते. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती घ्या. नो क्लेम बोनस गाडीचा नसून तुमचा असतो, तो विमा कंपनीकडून स्वतःकडे राखून घ्या. काचेवरचा फास्टॅग काढून बँकेत बंद करा.